परत

मागच्या जानेवारीत, उत्तरायणानंतरच्या रविवारी, आमच्या सरकारी छापखान्यातील निवृत्त मंडळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर जमली होती. तारांवर फाटके पतंग अजून लटकत होते, कोपऱ्यात उंधियूचे पातेले झाकून ठेवले होते आणि ऊन पाठीला बरे वाटेल इतकेच होते. बाइंडिंगमधल्या एका सहकाऱ्याच्या नातीचे लग्न ठरले होते आणि त्याने पत्रिका तिथेच वाटायला आणल्या होत्या. पहिली पत्रिका त्याने भाऊंच्या हातात दिली आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या आवाजात होऊन जाऊ दे." भाऊंनी ती डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरली, जराशी उजवीकडे कलती केली, कारण डाव्या डोळ्याने त्यांना आता जवळजवळ दिसत नाही, आणि वाचायला सुरुवात केली. "श्री गणेशाय नमः, बे दंड. नवो फकरो. आमचे येथे श्रीकृपेकरून, अल्पविराम..." पत्रिका मराठी होती आणि विरामचिन्हे गुजराती, नव्या परिच्छेदाला 'नवो फकरो'. वधूच्या शिक्षणाची पदवी आली तेव्हा 'कौंसमां' झाले, ती संपल्यावर 'कौंस पूरो' झाले, आणि लग्नाची तारीख आली तेव्हा त्यांनी तिचा एकेक आकडा सुटा वाचला, आणि मग तेच आकडे त्याच संथ सुरात दुसऱ्यांदा वाचले.

आधी दोघेतिघे हसले, मग सगळी गच्ची हसली. ते हसणे प्रेमाचे होते. आपण काय केले हे लक्षात यायला भाऊंना क्षणभर लागला, मग तेही हसले आणि म्हणाले, "तोंडाला वळण पडलंय, काय करणार." मला मात्र हसू आले नाही. माझे लक्ष माझ्या उजव्या हाताकडे गेले होते. अंगठा आणि दोन बोटे एकमेकांना टेकली होती, मनगट किंचित उचलले गेले होते, आणि हातात पेन्सिल नव्हती.

मी १९७८ साली त्या छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले. कचेरीच्या भाषेत आम्ही 'रीडर', आणि रीडरच्या समोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचणारा तो 'कॉपी होल्डर'. तो हस्तलिखित किंवा टंकलिखित वाचतो आणि रीडर ओल्या शाईचे प्रूफ डोळ्यांसमोर धरून ऐकतो. कान मुळाकडे आणि डोळे छापलेल्याकडे, आणि या दोहोंत जिथे फरक पडेल तिथे समासात खूण करायची. वाचणाऱ्याने अर्थाच्या मागे जायचे नसते, आवाजात चढउतार आणायचा नसतो, कारण अर्थ कळू लागला की कान आपोआप पुढचा शब्द धरतो आणि डोळा आळसावतो. भाऊंचा आवाज या कामासाठीच घडवल्यासारखा होता. दुष्काळी कामांचे दर असोत, शाळाखात्याचे परिपत्रक असो किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या निधनाचे निवेदन असो, त्यांच्या तोंडून ते सारख्याच वजनाने बाहेर पडे. मला शंका आली की मी 'परत' म्हणत असे आणि ते ती ओळ पहिल्यापासून वाचत. का, कशासाठी, ऐकू आले नाही का, असे त्यांनी कधी विचारले नाही. मजकूर गुजराती, परिपत्रकांची भाषा गुजराती, वरिष्ठांशी बोलणे गुजराती, पण आमच्या दोघांमधला हा एक शब्द मराठी राहिला.

आमच्या खोलीच्या खिडकीबाहेर एक कडुनिंब होता आणि पलीकडे जुळाऱ्यांचा मोठा हॉल. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळाऱ्याच्या हातातल्या स्टिकमध्ये पडतानाचा बारीक टिकटिकाट दिवसभर चाले, त्याच्याखाली यंत्रविभागातल्या सिलिंडरचा जाड ठेका, आणि मधूनच रॉकेलचा वास, कारण छापून झालेल्या फर्म्यावरची शाई रॉकेलने पुसत. खिळे म्हणजे शिसे, कथील आणि अँटिमनी. दुपारच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी जुळारी हात साबणाने दोनदा धूत आणि वरून गुळाचा खडा तोंडात टाकत. शिशाची धूळ गुळाने उतरते असा सगळ्यांचा विश्वास होता. तो खरा की खोटा, यावर वाद घालण्याची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही, गूळ मात्र रोज येई. त्या हॉलमध्ये बहुतेक घोडे, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेट्या ठेवायच्या चौकटी, गुजराती खिळ्यांच्या केसेसचे होते. गुजराती अक्षरावर शिरोरेषा नसल्यामुळे त्यांचे काम सरळ चाले. देवनागरीच्या केसेस भिंतीकडच्या कोपऱ्यात असत. गायकवाडी काळातल्या मराठी कागदांचे एखादे पान छापायला आले की त्या केसवरची धूळ फुंकली जाई, आणि झिजलेल्या खिळ्यांमुळे शब्दाच्या डोक्यावरची रेघ मध्येच तुटे. भाऊ ते प्रूफ पाहून म्हणत, "ताई, आपल्या भाषेचं छप्पर गळतंय."

ही गोष्ट त्यांना मनापासून लागे, कारण हे शहर कोणत्या कागदांवर उभे राहिले हे त्यांना पक्के ठाऊक होते. आमच्या खोलीतल्या लाकडी कपाटात १९३१ साली निघालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'ची एक प्रत होती. राज्यकारभारातला एकेक इंग्रजी शब्द घेऊन त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा तो जाड ग्रंथ. सयाजीराव महाराजांनी करवून घेतलेल्या कामांपैकी वाचनालये, सक्तीचे शिक्षण, न्यायमंदिर यांविषयी लोक बोलतात, पण दरबारी कारकुनाला नेमका शब्द सापडावा म्हणून आठ भाषा एका ओळीत बसवणे हे मला त्यांच्या सगळ्या कामांइतकेच मोठे वाटते. बुधवारी संध्याकाळी काम उरकले की भाऊ तो ग्रंथ खाली काढत. राजपत्र गुरुवारी निघे, म्हणून आमचा आठवडा बुधवारीच संपत असे. ते एखादे पान उघडून एक शब्द आठही भाषांत ओळीने वाचत, आणि तेवढ्या वेळापुरता त्यांच्या आवाजात चढउतार येई. आमच्या आधीच्या पिढीतल्या एका वृद्ध फोरमनने त्यांना सांगितले होते की त्याने एकाच घोड्यावर उभे राहून तीन सरकारांचे मजकूर जुळवले. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी गुजरात झाले. दोन्ही वेळा १ मे, दोन्ही वेळा खिळे तेच आणि फक्त मथळा बदलला, असे तो म्हणे.

गच्चीवर त्या रविवारी अशा आठवणी एकीतून एक निघत होत्या. बाइंडिंगवाले खळीबद्दल बोलत होते. मैद्याच्या खळीत मोरचूद किती घालायचे हे फक्त एकाच माणसाला अंदाजाने कळे आणि त्याने बांधलेल्या वहीला कसर लागत नसे. यंत्रविभागातले लोक मतपत्रिकांच्या रात्रींबद्दल बोलत होते. दारावर पोलीस, आतला माणूस बाहेर जाणार नाही, वाया गेलेला कागदसुद्धा मोजून ठेवायचा, पहाटे कागदाच्या रिमांवरच अंग टाकायचे आणि कुणीतरी रावपुऱ्यातून सेव-उसळ आणवायची. त्या आठवणी सांगताना त्यांचे चेहरे तरुण होत होते. मी ऐकत होते, पण त्या रात्रींत मी नव्हते. छापखाना हा कारखाना, आणि १९४८च्या कारखाना कायद्याप्रमाणे बायकांना संध्याकाळी सातनंतर तिथे कामावर ठेवता येत नसे. त्यामुळे आम्हा चौघीपाचजणींच्या वाट्याला नेहमी कथेचा दुसरा दिवसच आला. सकाळी आम्ही येत असू तेव्हा पुरुषांचे डोळे लाल असत, आणि काहीतरी मोठे घडून गेले आहे हे हवेत जाणवत असे. त्याचे मला तेव्हाही वाईट वाटे, आणि गच्चीवर पुन्हा वाटले.

मग कुणीतरी विचारले, "भाऊ, तो सर्वे नंबरचा किस्सा सांगा ना."

आणि भाऊंनी तो सांगितला. ते गोष्ट छान सांगतात, कामावरच्या त्या सपाट आवाजाचा त्यांनी घरगुती बोलण्यात जणू वचपाच काढला. १९८३ सालचा मे महिना. राजपत्राची एक पुरवणी, तिच्यात जमीन संपादनाची कलम ४ खालची अधिसूचना. 'जाहेर हेतु माटे' या नेहमीच्या शब्दांनंतर लांबलचक कोष्टक, गाव, सर्वे नंबर, क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. त्यात सर्वे नंबर ३१७ होता, छापला गेला ३७१. "दुपारी तीनची वेळ, वर पंखा गरम हवा फेकतोय," भाऊ सांगत होते, "आणि माझ्या तोंडून त्रण एक सातच्या ऐवजी निघून गेलं त्रण सात एक. ताई बिचाऱ्या ऐकणार ते मी वाचलेलंच ना! माझी एक वेतनवाढ गेली, पण त्या दिवसापासून मी आकडा दोनदा वाचल्याशिवाय पुढे सरकलो नाही. आता पत्रिकेतसुद्धा वाचला, पाहिलंत ना?" लोक पुन्हा हसले. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या ताटलीतली जिलेबी तशीच राहिली.

भाऊंनी त्या दिवशी बरोबर वाचले होते.

त्रण, एक, सात. तो आवाज माझ्या कानात अजून आहे, त्यातल्या 'एक'वर त्यांनी घेतलेल्या किंचित श्वासासकट. माझे बाळ तेव्हा दहा महिन्यांचे होते, तीन रात्री त्याला ताप होता, आणि मी ऐकत होते पण पाहत नव्हते. डोळे प्रुफावर होते एवढेच. जुळाऱ्याच्या हातून दोन आकडे उलटले होते, आणि असे उलटलेले आकडे पकडण्यासाठीच रीडरला पगार मिळतो. त्यासाठीची खूणही किती सोपी आहे, दोन अक्षरांच्या मधून वळत जाणारी आडव्या नागासारखी एक रेघ. ती मी काढली नाही. पुरवणी निघाली, आणि कलम ४ची अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यासाठी तेव्हा तीस दिवस मिळत, ते दिवस सुरू झाले. आठवडाभराने ३७१ नंबरच्या जमिनीचा मालक राजपत्राची प्रत फडक्यात गुंडाळून आमच्या विक्रीखिडकीशी आला. तिथल्या कारकुनाला काही सांगता येईना, म्हणून त्याला आत पाठवले. मी त्याला पाहिले. डोक्याला पंचा, हातात काठी, आणि तो आकड्यावर बोट ठेवून गुजरातीत एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, की माझी जमीन तर रस्त्यापासून फार लांब आहे. त्याची जमीन जाणार नव्हतीच. आणि ज्याची खरोखर जाणार होती त्या ३१७च्या माणसाला हे ठाऊक नव्हते. शुद्धिपत्रक निघेपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत ती दोन घरे कशी झोपली असतील, याचा विचार मी पुष्कळ वर्षे टाळला.

खुलासा मागवला गेला. गॅलीवर, म्हणजे आमच्या तपासायच्या लांबट प्रुफावर, तीन सह्या असत, जुळाऱ्याची, कॉपी होल्डरची आणि रीडरची. जुळाऱ्याच्या चुका गृहीत धरलेल्या असतात, म्हणून प्रश्न आम्हा दोघांपुढेच आला. माझी रिव्हायझरच्या, म्हणजे रीडरच्या वरच्या, जागेसाठी शिफारस झालेली होती. मी एका ओळीत लिहिले की कॉपी होल्डरने आकडे उलट क्रमाने वाचल्यामुळे चूक लक्षात आली नाही. लिहिताना मला वाटले, ते नाकारतील, मग चौकशी होईल, आणि चौकशीत दोघांनाही सौम्य ठपका मिळून प्रकरण मिटेल. भाऊंनी तो कागद वाचला. मनात वाचला, विरामचिन्हांशिवाय. खाली 'मान्य' असे लिहून सही केली. त्यांची वर्षाची वेतनवाढ थांबवली गेली, आणि पुढच्या वर्षी मी रिव्हायझर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत आले तेव्हा माझी पेन्सिल टोक काढून ठेवलेली होती, नेहमीसारखी. ते समोर बसले आणि वाचू लागले. पहिला आकडा आला, तो त्यांनी दोनदा वाचला. मग दुसरा, तोही दोनदा. ते २००५ साली निवृत्त होईपर्यंत हा नियम एकदाही मोडला नाही. मधल्या वर्षांत अक्षरजुळणी संगणकावर गेली, हॉल रिकामा झाला, केसेस रद्दीच्या भावाने गेल्या, पण भाऊ पडद्यासमोर बसलेल्या मुलांनाही आकडे दोनदाच वाचून दाखवत. मुलांना वाटे ही जुन्या माणसाची सवय. मला प्रत्येक दुसऱ्या वाचनात माझी ती एक ओळ ऐकू येई.

मला आजवर वाटत होते की हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. ते उदारपणे गप्प राहिले आणि मी भित्रेपणाने, असा हिशेब मी मनाशी मांडून ठेवला होता, आणि त्या हिशेबात एक प्रकारचा आधारही होता. निदान एक माणूस खरे काय ते जाणतो. गच्चीवर त्यांचा किस्सा ऐकताना माझा तो आधार गेला. त्यांच्या सांगण्यात आडपडदा नव्हता, माझ्याकडे चुकून टाकलेला एखादा कटाक्षही नव्हता. इतक्या वर्षांत सांगून सांगून ते त्यांचेच झाले होते. किंवा कदाचित त्या मे महिन्यातच, माझा कागद वाचताना, त्यांनी स्वतःच्या कानापेक्षा माझ्या लिहिण्यावर अधिक विश्वास ठेवला असेल. छापखान्यात वाढलेला माणूस लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो. हा दुसरा विचार मला पहिल्यापेक्षा जास्त छळतो.

पुरावा माझ्याकडे होता, असे म्हणता येईल. ती गॅली मी फाइलीतून काढून घरी आणली होती. तिच्यावर भाऊंच्या वाचण्याचा आवाज उमटलेला नव्हता हे खरे, पण मूळ प्रतीत त्यांची एक सवय दिसत असे. वाचून झालेल्या आकड्याखाली ते नखाने बारीक खाच पाडत, आणि कोष्टकाची मूळ प्रत गॅलीला टाचलेली होती. ३, १ आणि ७, तिन्हींच्या खाली क्रमाने तीन खाचा. ते कागद मी पलंगाखालच्या लोखंडी पेटीत एकेचाळीस वर्षे ठेवले. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या सोसायटीत शिरले आणि दोन दिवस तळमजल्यावर राहिले. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तेव्हा आत काळपट लगदा होता आणि त्याला गाळाचा वास येत होता. लग्नातला शालू, मुलाच्या गुणपत्रिका आणि ती गॅली, सगळे एकमेकांना चिकटले होते. मुलगा शालूसाठी हळहळला. मी त्याला काही सांगितले नाही.

१८६७च्या कायद्याने या देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणाचे ठिकाण घालावे लागे. आमच्या छापखान्यातून निघालेल्या हजारो पानांच्या तळाशी ती ओळ आहे, आणि तिच्यात व्यवस्थापकाचे पद आहे. जुळारी, बाइंडर, कॉपी होल्डर, यांचे काम त्या पानांत सर्वत्र आहे आणि त्यांचे नाव कुठेही नाही. भाऊंचे नाव सरकारी कागदावर एकाच ठिकाणी निश्चित सापडेल, त्यांच्या सेवापुस्तकात, वेतनवाढ रोखल्याच्या नोंदीखाली. ती नोंद माझ्या शब्दांवरून झालेली आहे.

होळीच्या आधी मी बाबाजीपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. सुनेने गवती चहा घातलेला चहा दिला आणि म्हणाली, "बरं झालं आलात, सकाळपासून पेपरची वाट बघतायत, मला वेळच झाला नाही वाचून दाखवायला." भाऊ खिडकीशी खुर्चीत बसले होते, रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी उभी होती, आणि खालून कोथिंबिरीचा ओला वास वर येत होता. मी पेपर उघडला. पहिली बातमी साधीच वाचली. ती संपल्यावर ते म्हणाले, "ताई, असं नाही. नीट." मला कळले. दुसरी बातमी मी अल्पविराम, पूर्णविराम, नवो फकरो करत वाचली. पाणीपुरवठ्याच्या वेळा, पुलाच्या दुरुस्तीचा खर्च, सगळे आकडे सुटे. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान किंचित माझ्याकडे कलली होती, मी बसत असे तशी. एका ठिकाणी मी अल्पविराम गाळला असावा, कारण त्यांची तर्जनी खुर्चीच्या हातावर आपटली. मी मागे जाऊन तो वाचला, आणि बोट थांबले.

मग मी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, त्र्याऐंशी सालच्या त्या पुरवणीत तुम्ही त्रण एक सातच वाचलं होतं. मी ते नीट ऐकलं होतं. माझी नजर प्रुफावर नव्हती, आणि खुलाशात मी खोटं लिहिलं."

भाजीवाला पुढे गेला. सुनेने आत कुकर उतरवल्याचा आवाज आला. भाऊंनी डोळे उघडले नाहीत, चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही. मला वाटले त्यांना ऐकू आले नाही, किंवा ऐकू येऊनही ते आपल्या जुन्या किस्स्यातच राहू इच्छितात आणि मी उठून जावे हे बरे. मी पेपर उचलला. तेव्हा ते म्हणाले,

"परत."

मी खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगू लागले. आकडा आला तेव्हा तो दोनदा वाचला. त्रण, एक, सात. त्रण, एक, सात.